माळवदाचं ओझं

लातूरचा भूकंप म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. माझ्या वयाची मंडळी तेव्हा जन्मलीच नव्हती. आपल्यासाठी किल्लारी म्हणजे शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं एक नाव. त्याच्या पुढे 'भूकंप झाल्यास टेबलाखाली बसावे' वगैरे सूचना. एक मार्काचा प्रश्न. पुढचा धडा.

गेले दोन-तीन विकांत मी या विषयावर मिळेल ते वाचत बसलो होतो. निमित्त काही खास नव्हतं. आमच्या टीममधल्या एका मित्राचं आजोळ उमरग्याकडचं. जेवताना तो सहज बोलून गेला की भूकंपानंतर सरकारने पक्कं घर बांधून दिलं, तरी आजी-आजोबा कित्येक वर्षं शेजारच्या पत्र्याच्या शेडमधे झोपत होते. घर ज्वारीची पोती ठेवायला. पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होत असेल याची कल्पना करा! पण पत्रा डोक्यावर पडला तर माणूस मरत नाही, हा त्यांचा साधा हिशोब होता. तो हिशोब डोक्यात राहिला, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी माहिती. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगाव गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातलं सास्तूर यांच्या आसपासची गावं काही सेकंदांत बसली. बसली म्हणजे शब्दशः बसली. तळणी, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठ सांगवी, एकोंडी... ५२ गावं जवळजवळ जमीनदोस्त. सुमारे ३०,००० घरं पूर्ण पडली आणि १३ जिल्ह्यांमधे मिळून दोन लाखांच्या आसपास घरांचं कमी-जास्त नुकसान झालं.

आणि माणसं? सरकारी आकडा ७,९२८. काही अभ्यासांत ९,७४८ असा आकडा येतो. दोन आकड्यांत जवळपास १,८०० माणसांचा फरक आहे! एक अख्खं गाव दोन आकड्यांच्या फटीत हरवू शकतं. गंमत म्हणजे (गंमत कसली...) जनावरांचा आकडा अगदी नेमका सांगितला जातो, १५,८५४.

आता इथे थांबून एक तुलना करू. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तोही पहाटेच, ४ वाजून ३१ मिनिटांनी. तिथेही लोक झोपेतच. किल्लारीचा भूकंप ६.२ क्षमतेचा (६.४ हा आकडाही वाचायला मिळतो, मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत), नॉर्थरिजचा ६.७. अर्ध्या अंकाचा फरक किरकोळ वाटतो, पण हे गणित लॉगॅरिदमचं आहे. अर्धा अंक म्हणजे पाच पटींहून जास्त ऊर्जा. आणि वर राहणारी वस्ती कुठली, तर लॉस एंजेलिससारखं महानगर.

तिथे माणसं गेली सुमारे ६०.

तुलना शंभर टक्के रास्त नाही, हे आधीच मान्य करतो. किल्लारीचा भूकंप खूप उथळ होता, जेमतेम पाच-दहा किलोमीटर खोलीवर. नॉर्थरिजचा त्याहून बराच खोल. उथळ भूकंप अगदी वरच्या गावांना जास्त हलवतो. शिवाय तिकडे रस्ते, दवाखाने, अग्निशमन दल सगळं हाताशी. पण एवढं सगळं वजा केलं तरी ६० आणि ८,००० यांच्यातली दरी बुजत नाही. उरलेला फरक जमिनीच्या खाली सापडत नाही. तो जमिनीच्या वर, म्हणजे घरात शोधावा लागतो.

तर मंडळी, आता घराकडे येऊ.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या दगडाच्या जाड भिंती, कमीत कमी दोन-अडीच फूट, वाड्याच्या त्याहूनही जाड. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर चांगली एक-दोन फूट मातीची भर. हे सपाट छप्पर म्हणजेच माळवद. त्यावर धान्य वाळवा, पापड घाला, रात्री झोपा. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. जुनी काढायची असते, पण कोण काढतं? पिढ्यानपिढ्या थर चढत जातो.

जरा आकडेमोड करू. दहा बाय दहा फुटांची खोली. वर दीड फूट माती. म्हणजे १५० घनफूट, साधारण सव्वाचार घनमीटर. मातीचं वजन घनमीटरला दीड ते पावणेदोन टन धरलं तर एका खोलीच्या छपराचं वजन येतं सुमारे सात टन. थोडक्यात, आठ-नऊ मारुती ऑल्टो एकमेकींवर रचून त्यांच्याखाली अंथरूण घालून झोपण्यासारखं! आणि सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याचा शेवट. माती ओली असेल तर आणखी जड.

वजन जास्त असणं हा स्वतःच गुन्हा नाही. किल्ल्यांचे बुरूज काय हलके असतात? पण भूकंपात घरावर येणारं बल हे वस्तुमान गुणिले त्वरण. न्यूटनचा दुसरा नियम, शाळेतला. घर जितकं जड तितका धक्का मोठा. हा धक्का झेलायचा कुणी? भिंतीने. आणि खरी गोम तिथेच आहे.

बाहेरून ही भिंत किल्ल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि मातीची भर. सगळं जोडायला चुना-सिमेंट नाही, फक्त चिखल. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. नुसतं वरून वजन आलं तर ती शंभर वर्षं उभी राहते. आडवा हिसका बसला की मधली भर खाली बसते, भिंतीला पोट सुटतं, एक थर आत पडतो आणि एक बाहेर. मग वरचे सात टन कशाच्या आधाराने राहणार?

ते सरळ खाली येतात. सिमेंट काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबच्या तुकड्यांमधे कुठेतरी पोकळी राहते, माणूस तिथे तासन् तास जिवंत राहू शकतो. मातीच्या ढिगाऱ्यात पोकळी राहत नाही. माती नाकातोंडात जाते. किल्लारीत अनेक लोक दगडाच्या माराने नाही, गुदमरून गेले. बाहेरची मदत पोचेपर्यंत कितीतरी ठिकाणी वाचवायला कुणी उरलंच नव्हतं. जे कुणी बाहेर निघाले, त्यांना बहुतेक शेजारपाजाऱ्यांनीच पहिल्या तासा-दोन तासांत हातांनी उकरून काढलं. नंतर सामुदायिक चिता रचल्या गेल्या आणि लाकूड पुरेना म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं वापरली गेली.

यातल्या दोन गोष्टी मला वाचताना फार लागल्या.

पहिली म्हणजे, अनेक गावांत गावाच्या कडेला झोपडीत, कुडाच्या घरात राहणारे गरीब लोक वाचले आणि मधल्या मोठ्या वाड्यांतली खाती-पिती कुटुंबं गेली. एरवी आपत्ती गरिबांना आधी गाठते. इथे दगड परवडत नव्हता म्हणून जीव वाचला.

दुसरी म्हणजे, माळवदाच्याच एका प्रकाराने बऱ्यापैकी टिकाव धरला. या भागात घर खणांत मोजतात. खण म्हणजे लाकडी खांबांच्या दोन ओळींमधली जागा. ज्या घरांत माळवदाचं वजन लाकडी खांबांवर होतं आणि दगडी भिंत फक्त आडोसा म्हणून होती, तिथे कित्येकदा भिंती पडल्या, पण खांब आणि छप्पर उभं राहिलं. आतली माणसं बाहेर चालत आली! म्हणजे उत्तर गावातच होतं, सुताराच्या हातात. पण लाकूड दुर्मिळ झालं, महाग झालं. मग खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवायला सुरुवात झाली. घर दिसायला तसंच, पैशाची बचत. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी कॉस्ट कटिंगमधे बॅकअप काढून टाकला, आणि पुढची कित्येक वर्षं काहीच बिघडलं नाही.

मग दोष कुणाला द्यायचा? मी हा प्रश्न खूप घोळवला. गावातल्या गवंड्याला? त्याने आजोबांनी शिकवलं तसं बांधलं. दगड शेतात फुकट मिळतो, माती गावात मिळते. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जाड भिंतीच्या आत गारवा असतो. चोर-दरोडेखोरांना भिंत फोडता येत नाही. ऊन, पाऊस, चोर, खर्च या सगळ्या अटी त्या घराने पुऱ्या केल्या होत्या. भूकंप ही अट यादीत नव्हतीच. आणि का असावी? आपल्या तज्ज्ञांच्या यादीतही ती नव्हती. १९८४ च्या भारतीय मानकात देशाचे भूकंपाच्या दृष्टीने पाच झोन होते आणि किल्लारी होती झोन १ मधे. म्हणजे सर्वांत सुरक्षित. दख्खनचं पठार म्हणजे अचल, हे आपण सगळेच मानत होतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप झाला होता, पण तो कोकणच्या कड्याजवळचा, धरणाजवळचा. मराठवाड्याच्या सपाट काळ्या रानात कुठला भूकंप?

पण जमिनीने इशारा दिला नव्हता असंही नाही. वर्षभर आधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मधे, किल्लारी परिसरात शंभरावर लहान धक्के नोंदले गेले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच जाणवण्याइतका होता. लोक घाबरले, घराबाहेर झोपू लागले, आमचं गाव दुसरीकडे हलवा अशी मागणीही झाली. मग धक्के कमी झाले. थंडी आली. माणूस किती दिवस अंगणात झोपणार? लोक हळूहळू आत गेले.

भूकंपाचं भाकीत तेव्हा करता येत नव्हतं आणि आजही करता येत नाही. असे लहान धक्के बऱ्याचदा नुसतेच येऊन जातात, त्यामुळे 'शास्त्रज्ञांनी सांगायला हवं होतं' म्हणणं सोपं आहे. पण भाकीत नसलं तरी एक काम करता आलं असतं. त्या एका वर्षात माळवदावरची निम्मी माती खाली उतरवणं आणि भिंतीला बांधून घेणं. त्याला भाकीत लागत नाही, फक्त भिंतीच्या आत काय आहे हे माहीत असलेला माणूस गावात यावा लागतो. तो आला नाही.

आणि हे ज्ञान कुठे नव्हतंच, असंही नाही! दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, १९९३ मधे. त्यात काय सांगितलंय? दर दोन फूट उंचीवर, दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घाला, म्हणजे दोन थर एकमेकांना धरून ठेवतील. भिंत दीड फुटाहून जाड करू नका. खिडकी-दारांच्या वर सगळ्या घराभोवती एक सलग पट्टी फिरवा. बस्स. रॉकेट सायन्स नाही. एका घरात शंभरेक लांब दगड. हे शहाणपण नवीन होतं असंही नाही, आपल्या जुन्या देवळांच्या पाथरवटांना सांधा कसा धरायचा हे नीट ठाऊक होतं. घराच्या भिंतीपर्यंत ते पोचलं नाही इतकंच.

नंतर जे झालं ते आपल्याकडच्या मानाने मोठं काम होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला, ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. (भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, फाइलीने पुन्हा जागच्या जागी बसवलं.) शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून शिकवलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून घरदुरुस्तीचं काम समजून घेऊन इतरांना समजावत फिरल्या.

नवी गावं सरळ रेषांची आणि जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरलेली. शेजार तुटला, शेत लांब गेलं, गुरं बांधायला जागा नाही. या तक्रारी खऱ्याच होत्या. पुढे २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातने सरसकट गावं हलवण्याऐवजी लोकांना पैसे आणि तांत्रिक मदत देऊन आपापल्या जागी बांधू दिलं, त्यामागे लातूरचा अनुभव होता.

पण ज्या गावांत घरं पडली नव्हती, फक्त तडे गेले होते, तिथली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे जुन्या भिंतीच मजबूत करायच्या असं ठरलं होतं. लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. बऱ्याच जणांनी मिळालेल्या पैशातून शेजारी सिमेंटची एखादी खोली उभी केली आणि जुनं माळवद तसंच ठेवलं. भीतीने दगडाला आरोपी ठरवलं, सांध्याला नाही. आणि सिमेंट म्हणजे सुरक्षित, हा नवा समज रुजला.

हा समज किती महागात पडतो ते गुजरातने दाखवलं. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र होतं कच्छमधे, पण दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमधे बहुमजली आरसीसी इमारती कोसळून सातशेहून जास्त लोक गेले. त्यातल्या बऱ्याच इमारतींमधे खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर भरलेले मजले होते. वर वजन, खाली बारीक पाय. नॉर्थरिजमधेसुद्धा सगळ्यात जास्त माणसं गेली ती एकाच अपार्टमेंटमधे, १६ जण. त्याही इमारतीच्या तळमजल्यावर पार्किंग होतं. २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात तर ५०,००० हून जास्त लोक गेले, आणि ती काही चिखलात रचलेली माळवदं नव्हती. आणि चिखल-दगडाची भिंत? ती २०१५ मधे नेपाळमधे पुन्हा भेटली. तिथे सुमारे ९,००० लोक गेले. तेही शनिवारी, भर दुपारी, शाळा बंद असताना आणि बरेच लोक घराबाहेर असताना. पहाटे चार वाजता झाला असता तर?

२००२ मधे मानक सुधारलं, झोन १ नावाचा प्रकारच रद्द झाला आणि लातूरचा भाग झोन ३ मधे गेला. पुणे-मुंबईसुद्धा त्या नकाशात झोन ३ मधेच. म्हणजे नकाशा बदलायला आठ-दहा हजार माणसं आणि नऊ वर्षं लागली.

आपण सगळे वीस-तीस वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेतो. बुकिंगच्या वेळी काय विचारतो? कार्पेट किती, पार्किंग किती, जिम आहे का, व्हिट्रिफाइड टाइल्स कुठल्या कंपनीच्या. खांबांच्या सांध्यात रिंगा किती अंतरावर आहेत, डिझाइन कुठल्या झोनसाठी केलंय, ते दुसऱ्या कुणी तपासलंय का, हे विचारणारा मला अजून भेटला नाही. आरसीसीमधल्या या सळ्या-रिंगांच्या बारकाव्यांचं मानक, आयएस १३९२०, तेही पहिल्यांदा आलं १९९३ मधेच. किल्लारीच्या माणसाकडे निदान एक सबब होती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे ती नाही.

भूकंपाची तारीख कुणाच्याच हातात नाही. पण मरणाऱ्यांचा आकडा त्या पहाटे ठरला नव्हता. तो थोडा थोडा करून कितीतरी आधी ठरत आला होता, एकेक पाटी मातीने, गाळलेल्या प्रत्येक खांबाने, न घातलेल्या प्रत्येक लांब दगडाने. तुमचं गावाकडचं घर जुनं दगडामातीचं असेल तर पुढच्या वेळी गेलात की माळवदावरची माती किती जाड झालीये ते मोजून या. आणि शहरातल्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमधे लिफ्टच्या पेंटवरचं भांडण संपलं की स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय काढा. लोक वैतागतील. वैतागू देत.

असो. फारच लांबलं. चहा गार झालाय आणि उद्या सोमवार आहे.